एकटीनं घातलेलं गाऱ्हाणं

ऐका मंडळी, नीट ऐका. शेकोटीत दोन लाकडं सारा आणि जवळ सरकून बसा. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. बाकीच्या गोष्टींना हुंकार द्यावा लागतो, नाहीतर सांगणाऱ्याला वाटतं समोरचे झोपले. या गोष्टीला हुंकार द्यायचा नाही. हवी तर मुंडी हलवा. तोंडानं 'होय' मात्र म्हणायचं नाही. का, ते कळेल. आणि पांडुरंगा, तुझा तो मोबाईल पालथा घाल, उजेड डोळ्यांत जातो माझ्या.

तर ही आपल्या मोरवण्यातलीच गोष्ट. हत्ती घाट उतरून आपल्या खोऱ्यात आले, त्याला बरीच वर्षं झाल्यावरची. पहिल्या वर्षी लोकांनी काय केलं? आरत्या केल्या! गणपती आपल्या पायानं चालत आला म्हणून बायकांनी त्याच्या पावलांच्या ठशांना हळदकुंकू वाहिलं. मग गणपतीनं केळी खाल्ली, माड आडवे केले, भाताच्या कणग्या फोडल्या, तेव्हा डोळे उघडले. पण हात जोडायची सवय काही गेली नाही. हत्ती समोर दिसला की आपल्या गावचा माणूस पळत नाही, आधी देवाला घालतात तसं गाऱ्हाणं घालतो. घालतो की नाही? हसताय कशाला, तुम्हीसुद्धा घालता!

आता सुभद्रा. भिवा गवसाची बायको. अंगानं किडकिडीत, पण एकदा 'जाणार' म्हणाली की ब्रह्मदेव आडवा आला तरी जाणारच. तिनं कितीतरी उन्हाळे माळ्यावर बसून केळी राखली होती. राखता राखता हत्ती बघितले होते. नुसते बघितले नव्हते, ओळखून ठेवले होते. ती म्हणायची, "हत्ती तोंडान बोलणा नाय, कानान बोलता." कान हलवत उभा असला की तो आपल्या नादात. कान थांबले की तो ऐकतोय. कान सुपासारखे फाकवून, डोकं वर काढून, ओरडत आला, तर तो भिववतोय. जागेवर उभे राहा, थांबेल. पण कान मागे चिकटवून, सोंड आत मुडपून, मुकाट्यानं आला, तर संपलं. मग देवाचं नाव घ्यायलाही वेळ मिळत नाही. भुताच्या गोष्टीत कामाची गोष्ट सांगतोय, लक्षात ठेवा.

त्या वर्षी काजू उदंड लागला होता. भिवाची बाग पल्याडच्या भरडावर, वरच्या माळरानात, ओढा म्हणजे आपला व्हाळ, त्याच्या त्या अंगाला. बागेत गवतानं शाकारलेली खोप. खोपीत मडकी. मडक्यांत काय? आता साळसूद चेहरे करू नका! काजूच्या बोंडूचा रस. आंबत घातलेला. सुभद्रा रोज कानीकपाळी ओरडायची, "ह्यो वास हत्तीक कोसभर जाता. ओता तो रस!" माणसाला जे आवडतं ते हत्तीलाही आवडतं, फक्त माणूस पेल्यानं पितो आणि हत्ती खोपीसकट पितो. भिवाच्या डोक्यात काही शिरेना. त्या संध्याकाळी दोघांचं कडाक्याचं वाजलं. भिवानं भरलं ताट सारलं, घोंगडं खांद्यावर टाकलं आणि गेला भरडावर झोपायला.

अंधार पडला. सुभद्रा भांडी आवरून उठते, तर घरापुढच्या खळ्यात बाबल शेटकर धापा टाकतोय. हा बाबल हत्ती हाकायला जाणाऱ्या माणसांतला.

"वैनी, भिवादादा खंय?"

"भरडार. झोपाक गेलो. कित्याक?"

बाबलनं कपाळाला हात लावला. "कळप कालवो ओलांडून खाली उतारलो गे! माद्यो आसत, पोरां आसत, आणि तोंड भरडाकडे. आमची माणसां सगळी वरच्या वाडीत, दुसऱ्या हत्तीच्या मागे."

"रस्त्यान गेलंय तर?"

"रस्तो फिरान जाता. उजाडात."

"आणि व्हाळातसून?"

"व्हाळातसून रातचा कोण जाता?"

"मी जातंय," सुभद्रा म्हणाली.

"वैनी, शुद्ध आसा मां? चाळ्याचो व्हाळ तो!"

"तू माणसां घेवन रस्त्यान ये. मी फुडे जातंय." तिनं कासोटा घट्ट केला, कोनाड्यातली बॅटरी घेतली आणि निघाली. भांडण होतं, राग होता, सगळं होतं. पण माणूस जिवंत असला तरच त्याच्यावर रागावता येतं ना? भिवा पिऊन पडला की शेजारी तोफ डागली तरी उठायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कळपाच्या आधी पोचायचं आणि त्याला उठवायचं. बस्स.

चाळ्याचा, म्हणजे भुताखेताचा, हा व्हाळ तुम्ही दिवसा बघितलाय. रात्रीचा बघू नका. दोन्ही अंगांना बांबूची बेटं, वरून एकमेकांत गुंतलेली. खाली गोटे आणि भर उन्हाळ्यातही घोट्याच्या वर पाणी. तिथं चंद्र असला काय, नसला काय, सारखंच.

उतारावरच तिला हत्तीचं शेण दिसलं. तिनं हाताची पालथी बाजू लावली. गरम! म्हणजे कळप तिच्या पुढे, पण फार पुढे नाही. ती भराभर उतरू लागली. आणि पाण्याशी पोचते तर काय? काठाला एक हत्ती! कळपाच्या मागे रेंगाळलेला. कोवळा बांबू सोलून खातोय. कान हलतायत, फटाक, फटाक.

कान हलतायत म्हणजे काय? सांगितलं ना मघाशी? तो आपल्या नादात. दोन घटका गप्प उभी राहिली असती तर खाऊन निघून गेला असता. तिला हे कळत नव्हतं का? तिला नाही कळणार तर कुणाला कळणार! पण सवय हो, सवय. हात आपसूक जोडले गेले आणि तोंड उघडलं.

"बा गणपती म्हाराजा! ही तुझी लेक रातची वाटेर इली आसा. माका वाट दी. माझ्या घोवाचो जीव वाचव. तू मागशीत ता देयन रे म्हाराजा!"

आता गाऱ्हाणं कसं असतं? एक जण देवाला सांगतो आणि बाकीचे सगळे मिळून म्हणतात, 'होय म्हाराजा'. त्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. इथं बाकीचे कुठून येणार? सुभद्रा एकटी. काळोख. पाणी.

आणि तिच्या मानेजवळून, अगदी मानेजवळून, जुन्या माणसाच्या घोगऱ्या आवाजात, लांब ओढून, "होय म्हाराऽऽजा."

अरे बापरे!

हत्तीचे कान थांबले. सोंड वर उठली. सुभद्रेकडे नाही हां! तिच्या डोक्यावरून, तिच्या पाठीमागे. पोटात गुरगुरला, तोंडातला बांबू तिथंच टाकला, आणि शेपटी ताठ करून जो वळला तो बेटातून कडाकड मोडत निघून गेला. एवढं मोठं जनावर! सुभद्रेनं मागे बघितलं. कुणी नाही.

आता सांगतो. या व्हाळात होकाऱ्या राहतो. फार जुना. देवळात गाऱ्हाण्याला पहिला होय म्हणायचा मान ज्याच्या घराण्याचा, असा एक माणूस होता. मानावरून भांडण झालं आणि गावानं त्याला बाजूला केलं. मानावरून आपल्याकडे काय काय होतं ते मी सांगायला नको. तो संतापून गाव सोडून निघाला आणि या व्हाळात मेला. तेव्हापासून कुणी गाऱ्हाणं घालतंय का, म्हणून टपून बसलेला. म्हणून आपल्याकडे एकट्यानं गाऱ्हाणं घालत नाहीत. होय म्हणायला माणूस नसला की होकाऱ्या येतो. आणि गाऱ्हाण्याला ज्यानं होय म्हटलं, त्याचा आणि गाऱ्हाणं घालणाऱ्याचा करार झाला! आता कळलं हुंकार का नको ते? हां. मुंड्या हलवा नुसत्या.

सुभद्रेनं जोडलेले हात सोडले. "अरे देवा," ती पुटपुटली.

"होय म्हाराजा."

"चुकला माझा..."

"होय म्हाराजा."

आता आवाज डावीकडून, मग उजवीकडून, मग पाण्यातून. ती जे बोलेल त्याला होय! दुसरं कुणी असतं तर बोंबलत घराकडे पळालं असतं. सुभद्रेनं काय केलं? पदराचा बोळा केला आणि आपल्याच तोंडात कोंबला. बोलणंच नाही तर होय कशाला म्हणशील? म्हण बघू! आणि पाण्यात पाय घातला. मागे फिरायचं तिच्या मनातही आलं नाही. भरडावर भिवा झोपला होता.

पाणी ओलांडलं, तर वर डाव्या हाताला कंदील. आणि भिवाचा आवाज, "गे सुभद्रा!"

तिचा जीव भांड्यात पडला. पाय उचललाही तिनं. परत हाक, "गे सुभद्रा! हयसर ये!"

ती थांबली. रात्रीची हाक तिसरी झाल्याशिवाय ओ द्यायची नाही, हे तुमच्या आज्यांनी तुम्हाला सांगितलंय. तुम्ही विसरलात, ती विसरली नव्हती. उभी राहिली तिसरी हाक ऐकायला. कुठली येतेय! कंदील कुणीतरी फुंकर मारल्यासारखा विझला. तिनं डावीकडे बॅटरी मारली, तर तिथं वाटच नव्हती. कडा. खाली नुसते धोंडे.

बरं, ही युक्ती फुकट गेली म्हणून तो गप्प बसला का? होकाऱ्या तो, आपल्या गावचाच. हट्टाला कमी नाही! वाट वळली आणि समोर हत्ती. वाट अडवून उभा. काळा, अवाढव्य, दोन्ही सुळे चकचकीत पांढरे. मागे फिर म्हणतोय जणू.

सुभद्रा थबकली. तिनं कान बघितले. थांबलेले. ठीक आहे, ऐकत असेल. पण ऐकणारा हत्ती सोंडेचं टोक हलवतो, वास घेतो. हे टोक हलेना. जिवंत हत्ती सारखा काहीतरी करत असतो हो! एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकील, शेपटी उडवील, पोटात गुरगुरेल. हा भिंतीसारखा उभा. आणि वास? हत्ती जवळ असला की गोठ्याचा आणि चिखलाचा आंबूस वास नाकात बसतो. इथं वासच नाही. ही काही हत्तीची लक्षणं नव्हेत, तिनं मनात म्हटलं. खात्री होती का तिची? नव्हती. खरा असता तर तिथंच चेचली गेली असती. पण तिथं उभं राहून विचार करायला तिच्याकडे वेळ कुठे होता? तिनं डोळे मिटले, हात पुढे धरले आणि चालत गेली सरळ त्याच्या अंगावर.

दोरीवर टाकलेल्या ओल्या गोधडीतून गेल्यासारखं झालं. थंडगार. पलीकडे आली आणि डोळे उघडले, तर मोकळी वाट.

पण वाट कसली मोकळी! थोडं चालली, तर परत तेच पाणी. तोच धोंडा, त्याच्यावर तेच शेवाळ. परत वर चढली. परत तेच पाणी. चकवा! पांडुरंगा, झोपलास काय रे? झोप, झोप, परत जाताना तुलाच एकट्याला पाठवतो! हां, तर बॅटरी पिवळी पडली, मग लाल, मग गेली. आणि त्या काळोखात कुणीतरी हळूच हसलं.

त्या वेळी मात्र सुभद्रेचा धीर सुटायला आला. बोळा तोंडात, डोळ्यांत पाणी. इथं आपण नाचतोय आणि तिथं कळप पोचला असेल. आणि त्या विचारासरशी तिच्या डोक्यात लख्ख पडलं. वाट होकाऱ्याची. वाटेवर आहोत तोवर तो नाचवील तसं नाचणार. पण कळप वाटेनं गेलाय का? हत्ती कधी वाटेनं जातो? तो जिथं जातो तिथं वाट होते! आणि हत्तीला कोण चकवणार? त्याला वाट डोळ्यांनी दिसत नाही, नाकानं दिसते. कळपाला जायचंय रसाकडे आणि तिला जायचंय भिवाकडे. जागा एकच!

ज्यांच्यापासून घोवाला वाचवायचं, त्यांच्याच मागून जायचं. आहे हिंमत? तिनं वाट सोडली. हातांनी चाचपत निघाली. मोडलेला बांबू हाताला लागला, की तिकडे. ओल्या मातीत परातीएवढा ठसा लागला, की तिकडे. गरम शेणात पाय गेला तर बरं वाटायचं तिला, बरोबर चाललोय म्हणून! काटे लागले, कासोटा फाटला, कोपरं सोलली. मागून होकाऱ्यानं सासूच्या आवाजात रडून बघितलं, माहेरच्या नावानं हाक मारून बघितली. तिनं ढुंकून बघितलं नाही.

चढ संपला. वर आली, तर उशिराचा चंद्र उगवलेला आणि सगळा भरड स्वच्छ दिसतोय. आणि खोपीवर कळप.

खोप भुईसपाट झालेली. गवत उपसून फेकलेलं. मडकी फुटतायत, कुडुम कुडुम. मोठ्या हत्तिणी सोंडा घालून रस ओढतायत, पोरं पायांतून घुसतायत. उशीर झाला. एवढं करून उशीर झाला. तोंडातला बोळा काढून ती हंबरडा फोडणार, एवढ्यात काजूच्या झाडाआडून कुणीतरी तिचं मनगट धरलं.

भिवा!

तोंडातला बोळा गळून पडला आणि रडली हो सुभद्रा. एवढा वेळ न रडलेली बाई, ढसाढसा रडली. भिवा म्हणाला, "चल, घराक जावया," आणि तिला ओढत उताराकडे घेऊन निघाला. ती चालली त्याच्या मागून. का नाही चालणार? घोव तिचा.

थोडी गेली असेल. मागचा कुडुम कुडुम आवाज थांबला. एकदम चिडीचूप. तिनं सवयीनं मागे वळून बघितलं.

कळपानं खाणं टाकलं होतं. समोर रस आणि कळपानं खाणं टाकलं! पोरांना मधे घातलेलं, मोठ्या हत्तिणी बाहेरून एकमेकींना चिकटून उभ्या. सगळ्यांचे कान थांबलेले. सगळ्या सोंडा वर आणि सोंडांची टोकं एकाच बाजूला. कुणाकडे? तिला वाटलं आपल्याकडे. ती एक पाऊल बाजूला सरली. सोंडा सरल्या नाहीत. सोंडा भिवाकडे!

माणूस बघून हत्ती असा कळप बांधत नाही. तिनं किती उन्हाळे बघितलं होतं. हत्ती माणसाला कंटाळतो, चिडतो, धावून येतो. असा भीत नाही. आणि मग तिच्या ध्यानात आलं, की तिच्या मनगटावरचा हात थंड आहे. ओल्या गोधडीसारखा.

तो थांबला. तोंड तिच्याकडे वळवलं नाही. आणि त्या जुन्या घोगऱ्या आवाजात सुरू झाला. "आता माझा गाऱ्हाणा आयक. बा म्हाराजा! ह्या बायलेन वाट मागली, हत्तीक हटवून मी दिलंय. घोवाचो जीव मागलो, मी दिलंय. मागशीत ता देयन म्हटल्यान. आता माका व्हाळात सोबत व्हयी. ही माझ्याबरोबर येतली रे म्हाराऽऽजा!"

आणि गप्प राहिला. कशाला? अहो, तिच्या 'होय'साठी!

आता विचार करा. लहानपणापासून आपल्या जिभेला काय वळण? गाऱ्हाण्याचं टोक आलं, 'रे म्हाराजा' कानावर पडलं, की आपण झोपेतसुद्धा होय म्हणतो. लग्नात म्हणतो, जत्रेत म्हणतो, ढोरं आजारी पडली तरी म्हणतो. सुभद्रेची जीभ उचलली. ओठ उघडले. 'हो' पर्यंत आली बाई! आणि तिनं कचकन आपली जीभ चावली. तोंड रक्तानं भरलं, पण शब्द बाहेर पडू दिला नाही.

त्यानं परत गाऱ्हाणं घातलं. मोठ्यानं. तिनं परत जीभ चावली. तो तिला ओढत खाली खाली नेतोय, पुढच्या झाडीत व्हाळाचं पाणी वाजतंय.

आणि मागून चीत्कार!

कळपातली म्हातारी हत्तीण सुटली. कान फाकवलेले, डोकं वर, कर्णा वाजावा तशी ओरडत, धूळ उडवत सरळ त्यांच्यावर. "पळ!" होकाऱ्या ओरडला, "पळ व्हाळाकडे!" सुभद्रेनं कान बघितले. फाकवलेले. ही भिववतेय. ही थांबेल. तिनं टाचा जमिनीत रोवल्या आणि उभी राहिली. अंगातलं सगळं बळ लावून उभी राहिली. त्यानं मनगट ओढलं, खांदा उखडायची वेळ आली, पण बाई हलली नाही.

हत्तीण थांबली. इतकी जवळ, की खडे उडून सुभद्रेच्या तोंडावर बसले. मनगट सुटलं. तिनं वर बघितलं, तर हत्तिणीचे कान मागे गेले. चिकटले. सोंड आत मुडपली. डोकं खाली आलं. आवाज बंद.

हे काय ते सुभद्रेला सांगायला नको होतं. हे भिववणं नव्हे. पण डोळे? हत्तिणीचे डोळे तिच्यावर नव्हते. सुभद्रेनं बाजूला अंग टाकलं आणि तो डोंगर तिच्या अंगाला वारा घालत, मुकाट्यानं, तिच्या पलीकडे गेला. झाडी कडाडली. आणि व्हाळाच्या दिशेनं तो आवाज लांब लांब पळत गेला, "होय म्हाराजा! होय म्हाराजा! होय म्हाराजा!"

थोड्या वेळानं हत्तीण परत आली. कान हलवत. फटाक, फटाक. सुभद्रेजवळून गेली, सोंड लांब करून तिच्या पायांचा वास घेतला. तिच्याच कळपाचं शेण लागलेलं होतं तिथं! फूं करून श्वास सोडला आणि गेली. मागून कळपही गेला. पोरं झुलत चालली होती, प्याली होती ना.

सुभद्रा धावली खोपीकडे. दोन्ही हातांनी गवत उपसायला लागली. खापरं लागली. वासे लागले. भिवाचं घोंगडं लागलं. भिवा नाही.

"गे सुभद्रा!"

ती दगडासारखी झाली.

"गे सुभद्रा!"

ती गप्प. तिसरीची वाट बघतेय.

"गे सुभद्रा! भैरी झालंस काय गे? वर बघ, आंब्यार!"

तिसरी! वर बघितलं, तर खोपीमागच्या आंब्याच्या बेचक्यात भिवा गवस, फांदीला मिठी मारून बसलेला. कशी चढली ते तिचं तिला कळलं नाही. आधी त्याचा हात धरून बघितला. गरम. तोंडाला दारूचा भपकारा. असला घाणेरडा वास तिला जन्मात इतका गोड लागला नव्हता.

भिवा म्हणतो, "तू परत खाली कित्याक गेललंस?"

"परत? मी तर आताच इलंय."

"मस्करी करतंस? मगाशी तूच इलंस. माका उठवलंस, हाताक धरून हयसर चढवलंस. तुझो हात इतको थंड लागलो, अर्धी दारू थयच उतारली माझी. मागसून हत्ती इले. दोन घटका उशीर झालो असतो तर मी मेलेलंय."

मंडळी, होकाऱ्या खोटं बोलला नव्हता. घोवाचा जीव मागितला होता, दिला होता त्यानं. शब्द पाळला होता!

तिनं हळूच विचारलं, "आणि मगाशी मी काय म्हटलंय तुमका?"

"म्हटलंस, 'तुमचो जीव वाचवलंय. आता मी जा मागान ता देशात मां? होय म्हणा.'"

झालं! रात्रभर बाईनं जीभ चावून रक्त काढलं, 'होय' बाहेर पडू दिला नाही. आणि इथं हा गडी, अर्धा झोपेत, अर्धा नशेत. सुभद्रेनं त्याचे दोन्ही खांदे धरले. "मगे? तुमी काय म्हटलात? सांगा! काय म्हटलात?"

"मी काय म्हणतलंय?" भिवा म्हणाला. "म्हटलंय, बघूया."

बघूया! अरे, हसा, हसा, आता हसायला हरकत नाही. आपल्या मुलखाचं ब्रह्मवाक्य ते! लग्नाचं विचारा, बघूया. वाटणीचं विचारा, बघूया. विहिरीला पाणी लागेल का विचारा, बघूया. होकार नाही, नकार नाही. होकाऱ्यानं आजवर कितीकांना होयमध्ये अडकवलं असेल, पण या उत्तराचं काय करावं ते त्यालाही कळलं नाही. सुभद्रा त्या फांदीवर बसून हसली, रडली, आणि भिवाच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. मग उजाडेपर्यंत त्याला घट्ट धरून बसली.

बाबल माणसं घेऊन आला तेव्हा दोघं तशीच. पुढे सगळ्या गावानं मिळून, दिवसाढवळ्या, व्हाळाच्या तोंडाशी होकाऱ्याला नारळ-कोंबडा दिला. शब्द पाळला होता, मान द्यायलाच हवा. भिवानं मडकी परत म्हणून मांडली नाहीत. दोघं म्हातारी झाली, नातवंडं बघितली, आणि आपापल्या वेळेला गेली.

पण भिवाचं उत्तर अजून तिथंच पडून आहे ना! म्हणून सांगतो, रात्रीचं व्हाळातून जायचं नाही. कितीही घाई असू दे, कुणीही बोलावू दे. हत्ती भेटला तर कान बघा, उभे राहा, हात जोडा हवे तर, पण तोंड उघडू नका. कारण आजही काळोखात कुणी ते पाणी ओलांडलं, की होकाऱ्या त्याच्या मानेजवळ येतो आणि हळूच विचारतो, "मगे? काय ठरला?"

उठा आता, विस्तवावर माती ओढा. आणि घरी रस्त्यानं जा, लांब पडलं तरी.